रानमांजराच्या नावाचे काडतूस

जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांस त्यांची रिग्बी रायफल आठवत असेल. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी ती त्यांस भेट दिली. तिचे .२७५ चे काडतूस म्हणजे जर्मन माउझरच्या ७ मिलिमीटर काडतुसाचेच इंग्रजी नाव. स्पेनच्या सैन्याचे हे काडतूस १८९८ साली क्यूबातील सान हुआन टेकडीवर चढणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी अंगावर झेलले. पुढे त्याच्याच पुंगळीतून अमेरिकेत एक नवे काडतूस जन्मास आले.

हौशी नेमबाजांनी व कारागिरांनी जुन्या पुंगळीला नवा आकार देऊन सिद्ध केलेल्या, कोणत्याही कारखान्यात न बनणाऱ्या काडतुसास तिकडे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणतात. त्याचे कूळ ठाऊक असते, पण दप्तरी नोंद नसते.

मेजर नेड रॉबर्ट्स यांस शेतात बिळे करणाऱ्या वुडचकसारख्या लहान जनावरावर लांबून अचूक लागणारी आणि खांद्यास फार धक्का न देणारी रायफल हवी होती. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी ७ मिलिमीटरच्या पुंगळीचे तोंड आवळून तीत .२५७ इंच व्यासाची गोळी बसवली. काम ऐकण्यास सोपे वाटते. पुंगळीला वंगण लावून ती पोलादी साच्यात दाबायची. पण वंगण जास्त झाले तर पितळेला खळगा पडतो आणि कमी झाले तर पुंगळी साच्यातच अडकून बसते. मग मानेची लांबी मोजायची, दारू काट्यावर तोलून भरायची. मिशिगनमधील नीडनर यांच्या कारखान्याने या काडतुसाच्या रायफली घडवल्या.

१९३४ साली रेमिंग्टन कंपनीने हे रानमांजर माणसाळवले. मात्र पुंगळीच्या खांद्याचा उतार तिने बदलला. जुन्या रायफलींच्या मालकांची खरी अडचण येथेच आहे. नळीवरचे नाव जवळपास तेच, पण आतला खाना वेगळा. खाना पुंगळीहून लांब असेल तर बार उडताच पितळ ताणते, फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे उसळतो. म्हणून शहाणा मालक आधी खान्यात सहज वितळणारा धातू ओतून साचा काढतो व तो मोजतो. नावावर विसंबत नाही.

कारखान्याने या काडतुसाला न्याय दिला नाही, असे आमचे मत आहे. जुन्या, कमी ताकदीच्या माउझर रायफलींना जपण्यासाठी दारूचा जोर बेताचा ठेवला आणि ११७ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमची, बोथट नाकाची गोळी दिली. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आले आणि गिऱ्हाईक तिकडे वळले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची हौस संपवली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतुसे बनवता येत नाहीत. अमेरिकेत मात्र मूळ खान्याच्या रायफलीचा मालक आजही आपली काडतुसे घरीच घडवतो. त्यासाठी लागणारे साचे कारागिराने त्या एका रायफलीपुरतेच केलेले असू शकतात. आजोबांच्या पश्चात रायफल एकाकडे आणि साच्यांची पेटी भंगारात गेली, तर रायफल मुकी होते. म्हणून जाणते गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी साचे सोबत आहेत का, हे विचारते.