धान्यापासून मद्यार्क : अमेरिकेचा युद्धकालीन अनुभव

मोड आणलेल्या सातूच्या योगाने धान्यातील पिष्टाची शर्करा होते आणि किण्वाच्या क्रियेने त्या शर्करेचा मद्यार्क होतो, ही प्रक्रिया पुरातन आहे. अमेरिकेत 1936 मध्ये कॅन्सस राज्यातील ॲचिसन येथे असा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळून ‘ॲग्रोल’ नावाचे इंधन विकण्याचा प्रयोग सुरू झाला. शेतमालाचे भाव कोसळलेले असता धान्यास नवे गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागील हेतू. परंतु पेट्रोल स्वस्त होते. काही वर्षांतच तो कारखाना बंद पडला.

1942 च्या प्रारंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकले आणि अमेरिकेच्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के भाग तुटला. कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन हवे होते. ते पेट्रोलियमपासून करावे की मद्यार्कापासून, हा राजकीय वाद बनला. आयोवाचे सेनेटर गिलेट यांनी शेतमालाचा कैवार घेतला. तत्संबंधीचे विधेयक अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ऑगस्टमध्ये नाकारले व बरुक समिती नेमली. चालू आराखडा मोडू नये, त्यात भर घालावी, असा तिचा अभिप्राय पडला.

निर्णय अखेर काळाने केला. पेट्रोलियमपासून ब्युटाडाइन करणाऱ्या कारखान्यांची सामग्री विमानांच्या इंधनासाठीही हवी होती. मद्यार्काचे मात्र तसे नव्हते. ऑक्टोबर 1942 मध्ये व्हिस्कीचे उत्पादन थांबवून भट्ट्या युद्धकार्यास जुंपण्यात आल्या. पाणबुड्यांच्या भयाने क्यूबाची मळी दुर्मिळ झाली, तेव्हा शिलकी गहू कामी आला. वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट येथील कारखान्याने 1943 मध्येच उत्पादन सुरू केले आणि पुढे नियोजित शक्तीहून अधिक माल दिला. 1944 मध्येही निम्म्याहून अधिक ब्युटाडाइन मद्यार्कापासूनच झाले.

हा विजय स्वस्ततेचा नव्हता. मद्यार्कजन्य ब्युटाडाइन महागच पडे. शिलकी धान्य व तयार भट्ट्या यांमुळे वेळ वाचला, हेच त्याचे खरे मोल. म्हणूनच परिस्थिती पालटताच त्याचे स्थानही ढळले. जगभर अन्नटंचाई भासू लागली, तेव्हा फेब्रुवारी 1946 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी मद्यार्क व बिअर यांसाठी गहू वापरण्यास बंदी केली. जे धान्य चार वर्षांपूर्वी ‘शिल्लक’ म्हणून गणले गेले, तेच आता भुकेल्यांचे अन्न ठरले. ‘शिलकी धान्य’ ही संज्ञा किती सापेक्ष आहे, याची साक्ष या अल्पकालीन उद्योगाच्या इतिहासात मिळते.