घरच्या कामाला बेंच ग्राइंडर घेताय? आधी लाईट बघा, मग दगड बघा

कोयता, कुऱ्हाड, खुरपं, कडबाकुट्टीची पाती. शेतकऱ्याच्या घरात धार लागणारी वस्तू कमी नाही. पूर्वी हे सगळं लोहाराच्या भात्यावर जायचं. आता बऱ्याच गावांत लोहार राहिला नाही आणि राहिला तर त्याच्याकडे नंबर लागतो. त्यामुळे गोठ्याच्या नाहीतर शेडच्या कोपऱ्यात स्वतःचा बेंच ग्राइंडर बसवायचा विचार अनेक जण करतात. दुकानात गेल्यावर मात्र रंग आणि किंमत बघूनच खरेदी होते. खरेदीपूर्वी काय तपासावं, याची ही माहिती.

हाती ग्राइंडर आहे, मग हा कशाला?

चार इंची हाती ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. तो कापायला आणि वेल्डिंग घासायला चांगला. पण काही जण तोच शिकंजात उलटा आवळून त्यावर कोयता धरतात. हे धोक्याचं आहे. बेंच ग्राइंडर २,८०० ते २,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, वस्तू टेकवायला त्याला टेकू असतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. धार एकसारखी येते ती त्यामुळे.

सहा इंची की आठ इंची?

घरच्या कामाला सहा इंची (१५० मिमी) दगडाचं, अर्ध्या एचपीचं मशीन पुरतं. खुरपी, विळे, कोयते, छिन्नी, ड्रिलचे बिट हे सगळं त्यावर होतं. कडबाकुट्टीची लांब पाती, कुदळी, पहारीची टोकं असं जड काम रोजचं असेल किंवा गावातली कामं घ्यायची असतील, तर आठ इंची (२०० मिमी), पाऊण ते एक एचपीचं बघावं. फेरे तेवढेच असले तरी मोठ्या दगडाची कड जास्त वेगाने पळते. त्यामुळे काम लवकर होतं, पण पातं तापतंही लवकर.

नांगराचा झिजलेला फाळ आणि रोटाव्हेटरची वाकडी पाती हे या मशीनचं काम नाही. दातेरी विळाही यावर धरू नये, दाते निघून जातात.

सिंगल फेज की थ्री फेज?

इथेच जास्त फसगत होते. थ्री फेज मोटर दणकट असते, पण शेतातल्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळते. घरी सिंगल फेजच असेल, तर थ्री फेज मशीन तसंच पडून राहील. घरी वापरायचं असेल तर सिंगल फेज, २३० व्होल्टचंच घ्यावं.

व्होल्टेज कमी असलं की मोटर नुसती घुमते, वेग घेत नाही आणि वाइंडिंग तापतं. अशा वेळी बटण लगेच बंद करावं, हाताने दगड फिरवून चालू करायला जाऊ नये. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नये, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तीन पिनांची वायर आणि चांगली अर्थिंग हवीच. गोठ्यातली जमीन ओली असते, हे लक्षात ठेवावं.

दुकानात काय तपासायचं?

- मशीन उचलून बघा. एकाच मापाच्या दोन मशीनमध्ये जे जड, त्यात तांबं आणि बीड जास्त असण्याची शक्यता मोठी. वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.
- पाटीवर ‘एस १’ असेल तर मोटर सलग चालते. ‘एस २’ आणि पुढे ३० मिनिटं असं असेल, तर तेवढ्या वेळानंतर थंड होऊ द्यावी लागते. पाटीच नसेल तर मशीन घेऊ नका.
- चालू करून बघा. दगड डोलता कामा नये, टेबल थरथरता कामा नये. बंद केल्यावर तो खरखर न करता हळूहळू थांबला पाहिजे.
- टेकू जाड लोखंडाचा हवा, पुढेमागे सरकणारा हवा. पातळ पत्र्याचा टेकू जोर दिला की वाकतो.
- काच आणि दगडावरचं झाकण सोबत असलंच पाहिजे.

दगड कोणता?

मशीनसोबत बहुतेक वेळा दोन दगड येतात, एक ३६ नंबरचा आणि एक ६० नंबरचा. नंबर जितका कमी, तितका दगड खरबरीत. खाचा पडलेलं पातं आधी ३६ वर सरळ करावं, मग ६० वर धार द्यावी. शेवटचा हात साध्या धारेच्या दगडावर मारला की धार टिकते.

‘ए’ लिहिलेला करडा-तपकिरी दगड साध्या लोखंडाला आणि पोलादाला. ‘डब्ल्यूए’ म्हणजे पांढरा, तो ड्रिलच्या बिटांना. ‘जीसी’ म्हणजे हिरवा, तो कार्बाइडच्या टोकांना. ॲल्युमिनियम, पितळ किंवा लाकूड यांपैकी कुठल्याच दगडावर घासू नये. दगडाची छिद्रं बुजतात, तो गुळगुळीत होतो आणि तापून फुटायची भीती राहते.

नवा दगड घेताना त्यावर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत का, ते बघा. भोकाचं मापही जुळलं पाहिजे. भोक मोठं करून किंवा चिंध्या गुंडाळून दगड बसवू नये.

बसवण्याआधी वाजवून बघा

दगडाच्या भोकात बोट घालून तो लटकवा आणि लाकडी मुठीने कडेजवळ हलकं ठोका. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर दगड बरा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तडा आहे. असा दगड फोडून टाका, ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणू नका. त्या वेगाने फिरणाऱ्या दगडाचा तुकडा उडाला तर माणूस जायबंदी होतो.

दगडाच्या दोन्ही बाजूंचे कागदी गोल काढू नका. मशीनसमोर उभं राहिल्यावर डाव्या हाताच्या दगडाच्या नटाला उलटे आटे असतात. तो सैल करायला घड्याळाच्या दिशेनेच फिरवावा लागतो.

वापरताना

टेकू आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नये. फट वाढली की पातं आत ओढलं जातं आणि त्यासोबत बोटंही. दगड झिजेल तसा टेकू पुढे घ्यावा, पण मशीन बंद करूनच.

चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहावं. चष्मा घालावाच. हातमोजे घालू नयेत, गमछा, ओढणी, पदर, सैल बाही दूर ठेवावी. दगडाच्या बाजूच्या सपाट अंगावर घासू नये, समोरची कडच वापरावी. चारा, कडबा, डिझेलचा डबा जवळ नको. ठिणग्या लांब जातात.

पातं हलक्या हाताने धरावं आणि दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावं. कड निळी पडली की समजावं, पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट होते. कडबाकुट्टीच्या पात्याला उतार आहे त्याच बाजूने घासावं, सपाट बाजूला हात लावू नये. सगळी पाती सारखीच घासावीत, नाहीतर चाक एका अंगाला जड होतं.

डोळ्यात कण गेला तर

डोळा चोळू नये. कापसाने, पदराच्या टोकाने किंवा गावातल्या कुणाकडून कण काढून घेऊ नये. बुबुळावर रुतलेला लोखंडाचा कण तिथेच गंजतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. डोळा झाकून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं, आणि ग्राइंडरवर काम करताना गेला हे त्यांना सांगावं.

मशीनच्या किमतीपुढे चष्म्याचे पैसे किरकोळ आहेत. ग्राइंडर घ्यायला जाल तेव्हा त्याच बिलात दोन चष्मे घ्या. एक काम करणाऱ्याला, दुसरा शेजारी उभं राहून बघणाऱ्याला.