अनुभवी मधपाळ पुन्हा वर्गात का बसतात?

मधमाशीपालन एकदा शिकलं की जन्मभर पुरतं, असं वाटू शकतं. ब्रिटनमधल्या मधपाळांचा अनुभव मात्र वेगळा आहे.

काय बदललं?

१९९२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वरोआ’ हा परजीवी माइट पहिल्यांदा सापडला. तो मूळचा आशियाई मधमाशीवरचा. आपली सातेरी याच जातीची. तिने त्याच्याशी जुळवून घेतलंय, युरोपीय माशीला ते जमलेलं नाही. उपचार केला नाही, तर वसाहत बहुधा काही वर्षांतच मरते. औषधी पट्ट्या आल्या, पण २००१ मध्ये त्यांनाही न जुमानणारे माइट आढळले. २०१६ मध्ये माश्यांची शिकार करणारी आशियाई गांधीलमाशी दिसली. १९८०च्या दशकात शिकलेल्यांसाठी हे सगळंच नवं होतं.

क्लबमध्ये काय शिकवतात?

हिवाळ्यात पेट्या उघडता येत नाहीत, तेव्हा व्याख्यानं होतात. उन्हाळ्यात क्लबच्या पेट्यांवर प्रात्यक्षिकं. उदाहरणार्थ, बरणीत सुमारे ३०० माश्या घ्यायच्या, पिठीसाखर टाकून हलवायचं आणि गळलेले माइट मोजायचे. माश्या पुन्हा पेटीत जातात.

१८७४ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश बीकीपर्स असोसिएशन परीक्षाही घेते. सुरुवात प्राथमिक परीक्षेने होते. पुढे रोग, जीवशास्त्र, पैदास असे विषय आणि शेवटी ‘मास्टर बीकीपर’. ही परीक्षा ऐच्छिक असते.

न शिकल्यास काय?

नुकसान एकट्याचं होत नाही. कमजोर वसाहतीतला मध लुटायला शेजारच्या पेट्यांमधल्या माश्या येतात आणि परतताना माइट सोबत नेतात. त्यामुळे एका मधपाळाची जुनी सवय अख्ख्या परिसराला महागात पडू शकते.