पडद्यावरची बहीण

सिनेमाला जाताना आपण आपली नाती घरी ठेवून जात नाही. म्हणूनच १९५९ च्या 'छोटी बहन'मधली नंदा घरोघरची बहीण झाली. ही मास्टर विनायकांची कन्या. चित्रपटातले तिचे भाऊ बलराज साहनी आणि रहमान. राखी न बांधणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांनाही त्या अंध बहिणीचे दुःख परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९६० च्या 'काला बाजार'मध्ये नंदा देव आनंदची बहीण होती. १९६१ च्या 'हम दोनो'त त्याच्याच दुहेरी भूमिकेतल्या मेजर वर्माची पत्नी. शरीअतने दूधबहिणीशी निकाह हराम ठरवला आहे. अभिनयाने मात्र कुणी कुणाचा मेहरम होत नाही. हे बुद्धीला पटते, मनाला वेळ लागतो. पण त्याचा भार दोघांवर सारखा पडला नाही. देव आनंद नायकच राहिला, 'बहिणी'चा शिक्का बसला तो नंदावर. १९६५ च्या 'जब जब फूल खिले'मध्ये ती काश्मिरी नावाड्यावर जीव लावणारी रिटा झाली, तेव्हा कुठे तो पुसट झाला.

बहिणीसाठी आपले डोळे भरून येतात, ही माया खरीच. पण तिलाही स्वतःचे मन असते, हे मान्य करायला आपण इतका उशीर का लावतो? हा सवाल पडद्यापुरता नाही.