आरेखनाची बदलती साधने आणि जहाजबांधणीतील मनुष्यबळाचे प्रशिक्षण : सिंधुदुर्ग ते माझगाव

प्रस्तावना :

उद्योगाच्या इतिहासात यंत्रांच्या बदलाची नोंद ठळकपणे होते. आरेखनाच्या साधनातील बदलाची नोंद मात्र क्वचितच होते. मोठ्या अभियांत्रिकी संस्थेतील शेकडो अभियंत्यांना व आरेखकांना एका संगणकप्रणालीवरून दुसऱ्या संगणकप्रणालीकडे नेणे हा आज केवळ संगणकशास्त्राचा प्रश्न समजला जातो. कोकण किनाऱ्यावरील जहाजबांधणीचा इतिहास पाहिला असता, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपासून निरनिराळ्या रूपांत उभा राहिल्याचे दिसते. नवे आरेखनतंत्र शिकविणे तुलनेने सोपे असते, परंतु शिकलेले टिकविण्यासाठी स्थानिक जाणकारांची फळी आणि सलग काम या दोन गोष्टी आवश्यक असतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

कागदाविना आरेखन :

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर लाकडी होड्या व गलबते बांधणारा सुतार परंपरेने नकाशा काढीत नसे. तळाच्या मुख्य तुळईची लांबी ठरली की फासळ्यांचा बाक, रुंदी व उंची ही प्रमाणे त्याच्या स्मरणात असत. मुलगा बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करूनच ही प्रमाणे आत्मसात करी. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या परिसरात गिर्ये येथे कातळात कोरलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहावयास मिळते. अशा गोदीत मोठ्या जहाजांचे काम चाले. तेथील ज्ञान फार मोठे होते. तथापि ते माणसांत साठविलेले होते. माणूस गेला की ज्ञानही जाई, ही या पद्धतीची मर्यादा होय.

कल्याण, इ. स. १६५९ :

इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश हाती आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीस प्रारंभ केला. इ. स. १६५९ च्या सुमारास युद्धनौका बांधण्यासाठी रुय लैतांव व्हिएगस व त्याचा पुत्र फेर्नांव या पोर्तुगीज जहाजबांधणी तज्ज्ञांना नेमण्यात आले. त्यांच्यासोबत तीनशेहून अधिक माणसे होती. सिद्दीविरुद्ध बांधले जाणारे हे आरमार उद्या आपल्याविरुद्धही वापरले जाईल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. त्यांनी गुप्तपणे चिथावणी देऊन या कारागिरांना काम अर्धवट टाकून निघून जाण्यास प्रवृत्त केले.

परकीय तज्ज्ञ निघून गेले, तरी आरमाराची वाढ थांबली नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि इ. स. १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. तोवर मराठ्यांची गलबते व गुराबा किनाऱ्यावर संचार करू लागल्या होत्या. याचे कारण स्थानिक सुतार, लोहार व दर्यावर्दी यांच्या अनुभवात शोधावे लागते. जहाजबांधणीचे स्वतःचे ज्ञान असलेला समाज येथे आधीपासूनच नांदत होता. त्यामुळे शिक्षक गेला, तरी काम शिल्लक राहिले आणि ते करणारे हातही शिल्लक राहिले.

मुंबई गोदी : नकाशाचा प्रवास

इ. स. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबई गोदीत वेगळी परंपरा निर्माण केली. येथे ब्रिटिश नौदलाच्या नकाशांबरहुकूम सागवानी जहाजे बांधली जात. ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज इ. स. १८१२ च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. नकाशांचा दुसरा संच येईपर्यंत काम खोळंबले व नौका इ. स. १८१७ मध्ये पाण्यात उतरली. कारागीर मुंबईत होते, सागवान मुंबईत होते; परंतु आरेखनाचा अधिकार लंडनमध्ये होता.

वाफेचे युग आले तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. याच घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे इ. स. १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅथम येथील गोदीत त्यांनी जहाजबांधणीचे आधुनिक शिक्षण घेतले. अडीच वर्षांच्या वास्तव्याचा त्यांचा वृत्तान्त इ. स. १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय शिक्षक येथे आणण्याऐवजी येथील जाणकारालाच शिकण्यासाठी पाठविणे, हा कल्याणच्या प्रयोगाहून भिन्न मार्ग होता.

माझगाव : शिकलेले विसरले जाते तेव्हा

विसाव्या शतकात या परंपरेचे केंद्र माझगाव गोदीकडे सरकले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील असंख्य चाकरमान्यांनी मुंबईच्या गिरण्यांप्रमाणेच गोद्यांतही आयुष्य वेचले. इ. स. १९६० मध्ये शासनाने ताब्यात घेतलेल्या माझगाव गोदीत ब्रिटिश आरेखनावर आधारित ‘निलगिरी’ ही युद्धनौका बांधली गेली व १९७२ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९८३ मध्ये दाखल झालेल्या ‘गोदावरी’चे आरेखन भारतीय नौदलाच्या आरेखन संचालनालयाने केले होते. एका तपात झालेली ही प्रगती लक्षणीय होय.

पाणबुडीच्या बाबतीत मात्र वेगळा अनुभव आला. १९८१ मध्ये जर्मनीशी झालेल्या करारानुसार माझगावचे अभियंते व कारागीर कील येथे प्रशिक्षणासाठी गेले. त्यांनी बांधलेल्या ‘शाल्की’ (१९९२) व ‘शंकुल’ (१९९४) या पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या. त्यानंतर पुढील मागणीच आली नाही. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा फ्रान्सशी करार २००५ मध्ये झाला, तोपर्यंत अकरा वर्षे लोटली होती. या काळात प्रशिक्षित माणसे निवृत्त झाली अथवा अन्य कामांत विखुरली. नव्या आरेखनासाठी पुन्हा आरंभापासून शिकणे आले. या मालिकेतील पहिली पाणबुडी ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली. कल्याणला शिक्षक निघून गेला होता. माझगावला काम थांबले. दुसरी हानी अधिक खोल ठरली.

फळ्यावरून पडद्यावर :

याच कालखंडात आरेखनाचे साधनही बदलत होते. पूर्वी गोदीतील प्रशस्त लाकडी फरशीवर जहाजाच्या रेषा पूर्ण आकारात काढून त्यांवरून साचे बनविले जात. १९८२ मध्ये आलेल्या ‘ऑटोकॅड’सारख्या प्रणालींनी प्रथम आरेखनफळ्याची जागा घेतली, पुढे त्रिमितीय प्रतिकृती आली. फळ्यावर काम करणारा आरेखक आपापला कागद पूर्ण करीत असे. त्रिमितीय प्रणालीत मात्र पोलाद, नळ व विद्युततारा यांचे आरेखक एकाच प्रतिकृतीत काम करतात. त्यामुळे प्रशिक्षण वैयक्तिक न राहता सामूहिक बनते.

हे न ओळखल्यास काय घडते, याचे उदाहरण एअरबस ए-३८० या विमानाने घालून दिले. हॅम्बुर्ग येथील अभियंते ‘कॅटिया’ प्रणालीची चौथी, तर तुलूझ येथील पाचवी आवृत्ती वापरीत होते. परिणामी प्रत्येक विमानातील सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारांची जुळणी फसली. २००६ मध्ये विमानांच्या वितरणास मोठा विलंब जाहीर करावा लागला. दोन्ही ठिकाणचे अभियंते कुशल होते. स्थित्यंतर मात्र एकसंध नव्हते. याउलट कोची येथे बांधलेल्या व २०२२ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची संपूर्ण त्रिमितीय प्रतिकृती करून तीवरून बांधणीची आरेखने काढण्यात आली.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रशिक्षणाचा आरंभ कारागिराजवळ असलेल्या ज्ञानापासून व्हावयास हवा; सिंधुदुर्गाच्या काळातील आरमार त्याच बळावर उभे राहिले. दुसरी, शिकलेल्या माणसास सलग काम न मिळाल्यास प्रशिक्षणावरील खर्च व्यर्थ जातो. तिसरी, साधन सामूहिक असेल तर स्थित्यंतरही सर्वांचे एकत्रित असावे लागते.

मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून आणि परिसरातील महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी आज संगणकावरच आरेखन करतो. त्याने शिकलेली प्रणाली काही वर्षांत कालबाह्य होईल, हे निश्चित आहे. फासळीला बाक का द्यावयाचा, हे मात्र प्रणाली बदलल्याने बदलत नाही. मूलतत्त्वांचे हे शिक्षण आणि विशिष्ट प्रणालीचा सराव यांत अभ्यासक्रमाने कोणता तोल साधावा, हा अध्यापकांपुढील विचारणीय प्रश्न आहे. किनाऱ्यावरील वृद्ध सुतारांच्या स्मरणातील प्रमाणे याच विद्यार्थ्यांकरवी मोजून नोंदविली गेली, तर नव्या साधनाचा सराव होईल आणि जुने ज्ञानही हातचे जाणार नाही.