मोबाइलवरील फिकट अक्षरे वाचता येत नाहीत? कारण फक्त चष्म्याचा नंबर नसेल

मोबाइलवरची ठळक काळी अक्षरे दिसतात, पण राखाडी रंगातील बारीक सूचना किंवा रिपोर्टमधील दशांश चिन्ह दिसत नाही, असा त्रास उतारवयात अनेकांना होतो. औषधाच्या डोसमध्ये ०.५ ऐवजी ५ वाचले गेले, तर ते धोक्याचे ठरू शकते.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय?

अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट सर्वाधिक, म्हणजे २१:१ असतो. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी तो किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ असावा. बरीच फिकट राखाडी अक्षरे यात बसत नाहीत.

तपासणीत नजर ६/६ असूनही असे का होते?

नेहमीच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरे असतात. त्यामुळे ती ओळ वाचता आली, तरी फिकट अक्षरे दिसतीलच असे नाही. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान होते आणि आत कमी प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूमध्ये प्रकाश विखुरतो. काचबिंदू आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा यांतही ही क्षमता घटते. ती मोजण्यासाठी पेली-रॉबसन तक्ता वापरतात. त्यातील अक्षरे एकाच आकाराची, पण क्रमाक्रमाने फिकट होत जाणारी असतात.

मोबाइलमध्ये काय बदल कराल?

• सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन अक्षरांचा आकार, ठळकपणा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. पर्यायांची नावे फोननुसार वेगळी असतात.
• उन्हात स्क्रीनचा उजेड वाढवा किंवा सावलीत जाऊन वाचा.
• डार्क मोड सर्वांना सोयीचा नसतो. मोतीबिंदूमुळे डोळे दिपत असतील तर तो बरा वाटू शकतो. सिलिंड्रिकल नंबर असलेल्या काहींना मात्र काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरलेली दिसतात. दोन्ही वापरून पाहा.
• रिपोर्टमध्ये लाल-हिरव्या रंगावर विसंबू नका. आकडा आणि त्यासमोरील नॉर्मल मर्यादा वाचा.
• डोस स्पष्ट दिसत नसेल तर अंदाजाने औषध घेऊ नका. फोटो मोठा करून पाहा, घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या किंवा डॉक्टरांना, औषध विक्रेत्याला विचारा.

नेत्रतज्ज्ञांकडे कधी जावे?

सेटिंग बदलूनही त्रास होत असेल, अंधूक प्रकाशात पायऱ्या दिसत नसतील किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर तपासणी करून घ्या. ‘फिकट अक्षरे दिसत नाहीत’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मधुमेह असल्यास तक्रार नसली तरी दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी. अचानक दिसणे कमी झाले, रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.