एसएलएफ४जे
जावा प्रोग्रॅमसाठीचा सामाईक लॉगिंग इंटरफेस. तो चेकी गुल्चू यांनी रचला. लॉग४जे आणि लॉगबॅक या लॉगिंग लायब्ररींचे मूळ कर्तेही तेच. २००२ मध्ये जावा १.४ सोबत भाषेची स्वतःची लॉगिंग सोय आली, तेव्हा लॉग४जे आधीच रुळलेले होते. परिणामी एकाच अ‍ॅप्लिकेशनमधल्या लायब्ररी वेगवेगळ्या पद्धतींनी नोंदी करू लागल्या. एसएलएफ४जेमुळे कोड फक्त इंटरफेसशी बोलतो. नोंद प्रत्यक्ष कोण लिहिणार, हे सोबत ठेवलेल्या जार फाइलवरून ठरते. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने आपली निवड वापरणाऱ्यावर लादू नये.

‘ऑर्डर {} नाकारली’ अशा संदेशात महिरपी कंसाच्या जागी मूल्य भरले जाते, तेही त्या संदेशाची लॉगिंग पातळी चालू असेल तरच. मात्र मूल्य काढणारे फंक्शन तिथेच लिहिले, तर ते एरवीही चालतेच.

एसएलएफ४जेवर घरचे आणखी एक वेष्टण चढवणे बहुधा अनाठायी ठरते: साध्या वेष्टणामुळे लॉगमध्ये खऱ्या ओळीऐवजी वेष्टणाचाच ओळक्रमांक उमटतो आणि दोष शोधणारा भरकटतो. इंटरफेसची मर्यादा आणि उपयोग दोन्ही एका घटनेत दिसले: डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे २ मधील ‘लॉग४शेल’ हा गंभीर दोष उघड झाला. इंटरफेसच्या मागे तीच लायब्ररी असेल तर त्याने संरक्षण मिळत नव्हते. पण कोडला हात न लावता ती बदलता येत होती.